साल

आसोर्दाला परवाचा पाव लागतो.
ताजा गोळा होऊन बसतो घशात
आणि बेल्मीरो गिळायचं विसरतो मध्येच,
जसा एखादा दारापर्यंत येतो
आणि कशाला आलो होतो ते आठवत उभा राहतो.

लसणाच्या चार पाकळ्या, जाडं मीठ, मूठभर कोथिंबीर.
लाकडी खलात मी सावकाश कुटतो,
आवाज आतल्या खोलीत जायला नको.
ओतीलिया आत्ताच झोपलीय.
एव्होराच्या इस्पितळात रात्रभर ती
दुसऱ्यांच्या बापांना कुशीवर वळवते.
तिचा बाप माझ्याकडे.

निळ्या वाडग्यात वाढायचं.
हे कळायला मला महिना लागला.
पांढऱ्या बशीतला पांढरा पाव त्याला दिसतच नव्हता.
रिकाम्या बशीपुढं बसावं तसा बसायचा, शहाण्यासारखा,
आणि मी चिडायचो : जेवा ना. जेवा.

चमचा लहान. हनुवटी खाली.
घास उतरला का, गळ्याकडे बघायचं.
घाटी वर जाते, थांबते, खाली येते.
इतकं टक लावून मी
बायकोच्या चेहऱ्याकडेही कधी बघितलं नसेल.

लग्नात यानं माझा हात हातात घेतला नव्हता.
अकरा वर्षं मी 'तो टपालवाला'.
मी समोर बसलेलो, मीठ माझ्या कोपरापाशी,
तरी मुलीला सांगायचा : त्याला म्हणावं, मीठ सरकव.
आता कधी मी त्याचा धाकटा भाऊ असतो,
कधी मजुरी बुडवलेला मुकादम.
काल खेचर होतो.
'पाणी पाजलं का याला?' असं विचारलं त्यानं,
माझ्याच पाठीवर थाप मारत.
पाजलं, म्हटलं.
इतक्या मायेचा हात
या घरात माझ्या पाठीवर पहिल्यांदाच पडला.

आज पावाचं कवच काढायला घेतलं, टणक होतं.
सुरी जोरात घुसवली
आणि त्यानं माझं मनगट धरलं.

बेचाळीस उन्हाळे कुऱ्हाड धरलेला हात.
बुचाच्या ओकांची साल काढायचा हा,
एका झाडाची नऊ वर्षांतून एकदा,
मग उघड्या तांबड्या खोडावर पांढऱ्या रंगानं
त्या सालाचा शेवटचा आकडा लिहायचा,
म्हणजे पुढच्याला कळावं, किती थांबायचं.
गावाबाहेरच्या टेकडीवर अजून उभी आहेत ती झाडं,
अंगावर साल लिहून
सालीची वाट बघत.

'हळू,' तो म्हणाला. 'साल काढ.
आईला लागू देऊ नकोस.'

आई म्हणजे आतला पापुद्रा.
इथं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं :
आईला कुऱ्हाड लागली
की त्या जागी झाड पुन्हा साल धरत नाही.

त्यानं हात पुढं केला. मी सुरी दिली.
ओतीलिया जागी असती तर किंचाळली असती.
टोक कवचाखाली सरकवलं,
मूठ किंचित पिळली, कान देऊन काहीतरी ऐकलं,
पुन्हा पिळली,
आणि पावाची पाठ अखंड सुटून आली होडीसारखी.
आत गाभा, साधा ओरखडाही नाही.

मग हातात सुरी कशाला आहे, ते त्याला कळेना.
मी काढून घेतली.

उकळतं पाणी, तेल, पूर्ण शिजलेलं अंडं कुस्करून.
पाव भिजला, फुगला, कोथिंबिरीचा वास घरभर.
सोळा चमचे खाल्ले त्यानं.
सतरावा गालात धरून
बोट वाडग्यात बुडवलं
आणि त्या कवचावर काढला एक आकडा.
चार असेल, नाहीतर नऊ.
तेल पसरलं, मला वाचता आला नाही.

कवच रोज कोंबड्यांना जातं.
आज अजून मेजावरच आहे.

मी चमचा खाली ठेवून बसलोय,
त्याच्या गळ्याकडे बघत.