आतल्या कड्यावर

पुन्ता अरेनासच्या इस्पितळात, तळघरात,
जिथं वारा फक्त पाइपांतून ऐकू येतो,
इर्मा कार्कामो तबकड्यांवर नावं घालते.
लग्नातल्या पातेल्यांवर घालतात तशी,
फक्त ठोके न मारता.

नवी पोरगी आली की तिला सांगते:
कागदाचं लेबल चिकटवू नकोस,
फिरताना तबकडी एका अंगाला कलते.
बॉलपेन नको, ओरखडा उठतो.
उग्र वासाचं मार्कर तर नकोच,
त्याची शाई मुरत जाते आत
आणि एक दिवस कुणाचा तरी मणका वाचताच येत नाही.
पाण्याची शाई घे, मऊ टोकाची,
आणि लिही मधल्या पारदर्शक कड्यावर,
तिथं काहीच साठवलेलं नसतं.
नाव, बापाचं आडनाव, आईचं आडनाव,
जन्मतारीख, क्रमांक, काय काढलं, कधी.
पाकिटावर लिहिलं की झालं, असं समजू नकोस.
पाकीट आणि तबकडी, यांचा संसार टिकत नाही.

लोक काय काय लिहून आणतात.
‘पप्पा, मंगळवार’.
‘डोकं, दुसरं’.
एकीवर नुसता कॉफीच्या कपाचा गोल.

गुरुवारी पोर्वेनीरहून, सामुद्रधुनी ओलांडून,
दोन आल्या. दोन्हींवर एकच अक्षर, एकच आडनाव:
आर. मान्सिया ओ.
रोसामेल आणि रोसेन्दो,
मेंढ्यांची लोकर कातरणारे जुळे.
आई तीच, बाप तोच, तारीख तीच.
एकजण तपासायला जाईना
दुसऱ्यानं आधी झोपून दाखवल्याशिवाय,
म्हणून छातीची चित्रं दोघांची, एकाच सकाळी.
क्रमांकाच्या रकान्यात तिकडच्या माणसानं
शून्यं भरलेली.
तो सोमवारपर्यंत रजेवर. फोन वाजतो, वाजतो.

एक तबकडी स्वच्छ.
दुसरीत, उजव्या फुप्फुसात, अक्रोडाएवढी सावली.

इर्मानं दोन्ही पुन्हा उघडल्या,
काप मागून काप, वरून खाली,
सुरीनं पाव कापावा तशी.
स्वच्छ तबकडीत, गळ्याच्या खाली,
हाडाला पट्टी, सहा खिळे,
आणि धातूभोवती चकाकीचे काटे.

ती जिना चढून वर गेली.
दोघे बाकावर, मध्ये थर्मास,
एकाच नळीनं आळीपाळीनं माते पीत.
‘गळ्याचं हाड कुणाचं मोडलं होतं?’
दोघेही हसले.
रोसेन्दोनं गुंड्या सोडून व्रण दाखवला:
‘घोड्यानं. एकोणिसाचा होतो.’
‘घोडा माझा होता,’ रोसामेल म्हणाला,
आणि वाकून
भावाच्या गुंड्या लावून दिल्या, वरपर्यंत,
कारण दार उघडं होतं आणि गार येत होतं.

खाली आल्यावर इर्मा
बराच वेळ टोपण काढीना.
तोवर ती सावली कुणाचीच नव्हती.
नुसती आर होती.

मग लिहिलं.
कडं केवढंसं, नाव लांब.
रोसामेलपासून सुरुवात, मान्सियाशी वळण,
ओयार्सून लिहिता लिहिता गोल पुरा झाला
आणि आईच्या आडनावाचं शेवटचं अक्षर
मुलाच्या पहिल्या अक्षराला टेकलं.

नव्या पोरीनं फुंकर मारायला तोंड पुढं केलं.
इर्मानं हात आडवा धरला.
थुंकीचे कण उडतात, ती म्हणाली,
आपोआप वाळू दे.

वर एव्हाना थर्मास रिकामा झाला असेल.
कुणीतरी उठून गरम पाणी मागायला गेलं असेल,
दोघांसाठी.