चाखणारी

रात्री साडेनऊला दुर्पता येते,
एका हातात फोन, ओच्यात उकडलेल्या तुरीच्या शेंगा.
आमच्या मागच्या खोलीत छातीइतका कापूस भरलाय,
त्याच्यावरच बसतो आम्ही, बुडतो कमरेपर्यंत,
फोन टेकवतो घाटंजीच्या बाजारातून आणलेल्या पत्र्याच्या डब्याला.
आज डेटा तिचा, उद्या माझा.

राजवाडा कोरियातला, तीनशे वर्षांमागचा.
माणसं घोड्याच्या केसांच्या टोप्या घालून
इतकं हळू बोलतात की भीती वाटते.
कोणीतरी राजाला विष घालतंय, थोडं थोडं,
आणि सातव्या भागापर्यंत कोणालाच पत्ता नाही.
खाली इंग्रजी अक्षरं पळतात.
ती वाचायचं काम माझं.
बारावीला इंग्रजीत छत्तीस.
जिथं नाही कळत तिथं मी मनानं लावते.
"राणी म्हन्ते, मी तुले पाहून घेईन."
"येवढं लांब बोलली, अन् येवढंच?"
"येवढंच."

दुर्पता शाळेत खिचडी शिजवते.
एकशे बारा पोट्टे, दोन गंज,
आणि वाढायच्या आधी पहिला घास तिचा:
नियमच आहे तसा. रजिस्टरात वेळ, चव, सही.
चवीच्या रकान्यात ती अकरा वर्षं एकच शब्द लिहिते,
बरी.
म्हणून तिला राजाशी घेणं नाही,
राजपुत्राशी नाही, तलवारींशी तर नाहीच.
तिचा सगळा जीव त्या एका दासीत,
जी ताटापाशी गुडघे टेकून बसते,
चांदीचा चमचा बुडवते, काळा पडतो का बघते,
मग घास घेते
आणि अख्खा दरबार तिच्या गळ्याकडे बघत राहतो.

"हिले पगार किती असन वं?"
"लिहिलं नाही."
"लिहीतच नाहीत."

संशय तिघांवर: वैद्य, धाकटा भाऊ,
मागच्या राजाची विधवा.
मी वैद्यावर अडून होते.
दुर्पता शेंगा सोलत म्हणाली,
"भाजीत नाही वं. भाजी तं ही चाखते.
राजा जेवता जेवता ओठ पुसते,
थे फडकं कोण धुते, थे पाय."
दोन भागांनंतर कॅमेरा सरकत सरकत
त्या घडी घातलेल्या फडक्यावर जाऊन थांबला.
माझ्या अंगावर काटा आला. तिच्या नाही.
"चुलीपाशी राहिलं का समजते," एवढंच बोलली
आणि टरफलं फुंकून टाकली.

चौदाव्या भागात त्या दासीचं कोणी ऐकेना.
तेव्हा भर दरबारात तिनं ते फडकं
स्वतःच्या ओठांवरून फिरवलं.
अक्षरं आली. सोपी होती,
छत्तीसवालीलाही यावीत अशी.
मी म्हटलं, "चक्कर आली तिले.
वैद्य म्हन्ते, निजू द्या."

दुर्पता काही बोलली नाही.
शेंग तशीच हातात.
पडद्यावर बायका पांढऱ्या कपड्यांत रांगेनं उभ्या राहिल्या.
बाहेर शेताची लाइन आली असावी,
कोणीतरी बॅटरी मारत हरभऱ्याला पाणी द्यायला निघालं.
"निजू दे मंग," ती म्हणाली,
फोन उचलला, गेली.
केसांना मागून कापूस चिकटलेला,
सांगायचं राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी भाच्याचं आधार कार्ड द्यायला शाळेत गेले.
सुट्टी व्हायची होती, पण पोट्टे वासावर आले होते,
ताटल्या वाजवत.
दुर्पतानं पळीभर खिचडी घेतली, फुंकली, खाल्ली.
रजिस्टरात लिहिलं: बरी.
मग माझ्याकडे पाहिलं.
एक हात गळ्याला नेला, डोळे पांढरे केले
आणि त्या राजवाड्यातल्यासारखी, अगदी हळू,
तांदळाच्या पोत्यावर कलंडली.

ताटल्या थांबल्या.
चौधरी सर खुर्चीतून अर्धे उठले.
मला सगळं कळत होतं, तरी मी मोजलं,
एक, दोन, तीन, चार,

"चक्कर आली मले,"
डोळे मिटूनच ती म्हणाली,
"निजू द्या."