सहावं अक्षर

पगाराच्या चिठ्ठीवर दर महिन्याला
शंभरातले दहा वजा असतात.
बटाट्याच्या सालींसारखे ते जातात,
मी कधी मागे वळून पाहिलं नाही.
एकवीस वर्षं या शाळेच्या स्वयंपाकघरात,
सोमवारी मसूर, गुरुवारी मासळीचं सूप,
आणि म्हणायचं, एल्सिरा, म्हातारपणाची काठी
तासली जातेय कुठेतरी.

कुठे, ते जूनमध्ये कळलं.
थंडी होती, वारा समुद्राकडून,
आणि वर्गावर्गातून पोरं ओकत बाहेर आली.
नायादेतचे पाय बधिर झाले होते,
नऊ वर्षांची, वजन पिठाच्या पोत्याहून कमी.
जेवणाची टेबलं आम्ही एकमेकांना जोडली,
त्यांवर पोरांना निजवलं,
ओल्या फडक्यांनी खिडक्यांच्या फटी बुजवल्या.
खाडीपलीकडची चार धुराडी
नेहमीसारखी, सावकाश, सभ्यपणे
धूर सोडत होती.

मग संघटनेच्या रेमिहियोनं
पेन्शन फंडाचा अहवाल आणला,
चष्मा कपाळावर, बोट बासष्टाव्या पानावर.
त्या धुराड्यांच्या मालकाचं नाव होतं तिथं.
आमचे दहा-दहा तिकडे जात होते.
मी हिशेब मांडून पाहिला :
एकवीस वर्षांत माझी एक वीट झाली असेल,
अर्धी म्हणा.
कोणत्या धुराड्यात, किती उंचीवर,
ते अहवालात नव्हतं.

शहरातल्या कचेरीत नंबर मिळाला एकशे सात.
भिंतीवर एक म्हातारं जोडपं
समुद्रकिनाऱ्यावर हसत चाललेलं,
त्या किनाऱ्यावर धुराडं नव्हतं.
मुलगा नम्र होता, नवाकोरा टाय.
म्हणाला, बाई, तुम्हाला पूर्ण स्वातंत्र्य आहे.
पाच फंड आहेत : आ, बे, से, दे, ए.
आ मध्ये जोखीम जास्त, ए मध्ये सगळ्यात कमी.
मी विचारलं, कुणाची जोखीम?
त्याला प्रश्न समजला नाही.
मी विचारलं, यातलं कोणतं अक्षर
माझ्या शाळेवर धूर सोडत नाही?
त्यानं खूप वेळ पडद्याकडे पाहिलं.
खरंच शोधत होता बिचारा.
पाचांत थोडं थोडं सगळंच आहे, म्हणाला.

घरी आले तर भाऊ पाव मोडत बसलेला.
तो त्याच कारखान्यात, बॉयलरवर.
म्हणाला, तुम्ही सगळ्यांनी पैसे काढले
तर मी काय खायचं, तुझे मसूर?
मी उत्तर दिलं नाही.
ताट वाढलं. तो जेवला.
माझ्याकडे आजही उत्तर नाही,
पण एवढं कळतं की मला कुणी विचारलं नव्हतं
आणि त्यालाही नाही.
शेजारचा कोळी दोन्सेल तर म्हणतो,
मला पेन्शनच नाही, मी कुठल्या अक्षरावर रागावू?

काठी हवीच आहे मला. गुडघे आत्ताच बोलतात.
फक्त ती कुणाच्या बरगड्यांतून
कापलेली नसावी,
आणि ते बघायला मला हात लावू द्यावा,
एवढंच, यात क्रांती कसली?

आम्ही चौदा जणी गेलो परत.
स्वयंपाकिणी, झाडूवाल्या, शाळेची नर्स,
बसवाली ओदिल्या तर गणवेशातच.
प्रत्येकीनं फॉर्मवर पाच चौकोनांखाली
हातानं सहावा काढला.
माझा वाकडा आला, सुरी धरायची सवय.
शेजारी लिहिलं : एफे.
आणि त्यात फुली.

काउंटरवरची बाई म्हणाली, संगणक हे घेणार नाही.
मी म्हटलं, संगणकाला नका देऊ, तुम्ही घ्या.
तिनं मागे पाहिलं. साहेब जेवायला गेले होते.
तिनं चौदाही कागदांवर
'मिळाला' असा शिक्का मारला,
शेवटचा जरा जोरात.

त्याला सात महिने झाले.
दहा अजूनही जातात, तिकडेच.
माझी प्रत फ्रिजवर आहे, कांद्याच्या चुंबकाखाली,
वाफेनं शाई थोडी पसरली आहे.
उद्या सोमवार. मसूर भिजत घातलेत.
वारा कुठला आहे ते पाहून
खिडकी उघडेन.