वजनकाटा

अंबाजोगाई. दवाखाना, खोली नंबर अकरा.
दैवशालाबाईंच्या मनगटावर ट्रेसिंग पेपर धरून
मी कोडाची कड गिरवतो,
मग चौकोन मोजतो. मागच्या महिन्यात एकेचाळीस.
आजही एकेचाळीसच.

"सायेब, मही ट्यूब खरी का खोटी?"
मलाही माहीत नाही, मावशी.
ते लातूरला, कपाटात, बंद लखोट्यात.

ट्यूब काट्यावर ठेवतो.
निम्मी उरायला हवी होती,
ही तर टोकापर्यंत पिळलेली, लाटण्यानं लाटल्यासारखी.

ती बराच वेळ पंख्याकडं बघते.
"जावेच्या पोरीला लावलं की.
गालावर आलंय तिच्या.
दहावीला हाय आवंदा, फोटू काढायचाय."

फॉर्मात एक रकाना आहे, नियमभंगाचा.
खूण केली की एकशे बारा जणांतून
ही बाई वजा.

पेन उचलता उचलता विचारतो,
आणि पोरीचा गाल?

"केसाच्या मुळाशी ठिपके उठलेत.
तिळावानी."

सहा महिने मी तेच तीळ शोधतोय
एकशे बारा मनगटांवर.

खूण करतो.
मग ट्रेसिंग पेपरचा एक कोरा तुकडा
तिच्या पिशवीत सरकवतो, केज एसटीच्या तिकिटाशेजारी.
पोरीचा गाल गिरवून आणा, मोजू.

मोजून लिहिणार कुठं,
ते ती विचारत नाही.