पाणी किती सांडलं

उदगीर ते मुखेड हा रस्ता
काळ्या रानातून जातो, म्हणून रानासारखाच वागतो:
पावसाळ्यात फुगतो, उन्हाळ्यात बसतो,
आणि वरचं डांबर
बाजेवर टाकलेल्या वाकळीसारखं
जिथल्या तिथं गोळा होऊन राहतं.

मी पुढं, घोड्यात.
मागं छत्तीस फुटांचा डबा.
डब्यात डोळे तपासायची यंत्रं,
दोनशे सहासष्ट भिंगांची पेटी,
आणि दैवशाला गुट्टे,
मागं बसू नका म्हणलं तरी मागंच बसणारी.

खड्डा आधी मला लागतो.
मग एक श्वासभर काहीच नाही.
मग रांगेतल्या माणसानं कोपर मारावं
तसा डबा पाठीत ढोसतो,
आणि भिंगं किणकिणतात.
ती मला ऐकू येत नाहीत. तिला येतात.

गौस उस्तादच्या गॅरेजात पहिल्यांदा
जोड नीट बघितला.
म्हणतात पाचवं चाक, पण फिरत-बिरत नाही ते.
घोड्याच्या पाठीवरचा काळा तवा,
ग्रीसनं माखलेला, मधे फट,
फटीत डब्याची एक खुंटी, मनगटाएवढी.
बास. एवढ्याशावर सगळं.
उस्तादनं पहार लावून हलवलं. कट्.
"जबड्यात खेळ हाय, दोन सूत.
हितं दोन सूत, म्हंजे मागं टोल्यावर टोला."

मोजमाप दैवशालानं तिचं तिचं काढलं.
स्टीलचा ग्लास, काठोकाठ पाणी,
मागच्या ओट्यावर, ओल्या फडक्यावर.
मुखेडला पोचलं की बोटं धरून बघायची
आणि दाराच्या आतून खडूनं लिहायची.

सोमवार. चार बोटं. दोन भिंगं फुटली.
जबडा आवळला: साडेतीन.
मागच्या टायरांतली हवा थोडी काढली
(थोडीच, उन्हात टायर तापतं): तीन.
पाटे बघून उस्ताद हसला,
"हे उसाचे पाटे, अन् तुम्ही नेता काचा.
वझं नसलं की कडक पाटा लाथा मारतो."
नवातले दोन उतरवले. शॉकअप लातूरहून आले.
जनरेटर शेपटाकडून उचलून
पुढं, खुंटीच्या अंगाला आणला.
त्या दिवशीचा आकडा
कुणाच्या तरी बाहीनं पुसला गेलाय.

बाकीचं माझ्या पायात होतं.
पंचवीसवर डबा उडतो, चाळीसवरही उडतो,
बत्तीसवर मात्र
रस्त्याचा झोका आणि आमचा झोका चुकामूक करतात.
ब्रेक खड्ड्याच्या आधी. खड्ड्यात पाय सोडायचा,
पाण्यात उतरलेली म्हैस मोकळी सोडतो तसा.

दोन बोटं.
त्याच्या खाली काही केल्या जाईना.
दोन बोटं रस्त्याची, असं म्हणून सोडून दिलं.

मग मुक्रमाबादला महिनाभराचं शिबिर लागलं.
यंत्रं तिथंच उतरवली. परतीचा डबा रिकामा.
रिकामा डबा भरलेल्यापेक्षा वाईट,
दावं सुटलेल्या गोऱ्ह्यासारखा,
बाऱ्हाळी येईस्तोवर माझे दात हलले.
फाट्यावर टेम्पोचा अ‍ॅक्सल तुटलेला,
बाजूला तुरीची अकरा पोती, पोत्यांवर
पुतळाबाई, छत्री उघडून,
जणू बस इथंच थांबते.

पोती चाकांच्या पुढं रचून घेतली,
पुतळाबाईला पुढं, माझ्या शेजारी.
ती सबंध रस्ता बोलली.
डबा काहीच बोलला नाही.

उदगीरला अडतीवर दार उघडलं.
ग्लास रिकामा. ओटा कोरडा, फडकंही वाळलेलं.
"सगळं सांडलं?"
"नाही ओ. पोत्यांवर डोळा लागला.
उठले तर तहान लागली होती. पिले."
खडू तिच्या हातात होता.
दाराकडं बघितलं तिनं,
मग खडू पर्समध्ये टाकला
आणि म्हणाली, आधी हमालाला हाक मारा.