पंच

आमच्या घरात पंच दोन प्रकारचे.
एक मंडळीतले, रविवारी दानाची थैली फिरवणारे.
दुसरा लोखंडी, बाबांच्या टेबलावरचा,
जकार्डच्या पुठ्ठ्याला भोक पाडणारा.
बाबांचा हात दोन्हीकडे.

साखर पेठेतल्या पत्र्याच्या शेडमध्ये
चौकटीच्या कागदावरचा मोर
घरं मोजत मोजत ते पुठ्ठ्यावर उतरवत.
भोक असेल तिथे दोरा उचलला जाणार,
नसेल तिथला खालीच राहणार.
"दोऱ्याला कोण विचारतंय?" म्हणायचे,
"नक्षी आधीच ठरलेली. जगाचा पाया घालायच्याही आधी."

मंगळवारी आमच्याकडे प्रार्थना.
शेवटचं आमेन झालं तरी चटया तशाच,
कडक भाकरी, शेंगाचटणी आणि वाद.
शिमोन मामा, एसटीचा रिटायर कंडक्टर:
"दाजी, तीस वर्षं घंटी मारली मी.
गाडीचा रूट ठरलेला, कबूल.
पण कुठं कोण उतरणार
ते मी कधी ठरवलं नाही.
तिकीट फुकट आहे, हात तेवढा माणसानं पुढं करायचा."
"तो हातसुद्धा तोच हलवतो."
"मग न हलणारा हात कुणाचा, दाजी?"
मग त्या जुळ्यांचा दाखला निघायचा,
आईच्या पोटातच एक आवडता, एक नावडता.
मग कुंभार यायचा, त्याची माती यायची,
चहा दुसऱ्यांदा यायचा.

आई दाराशी परातीत जोंधळा निवडत बसलेली.
एकदा मान वर न करता म्हणाली,
"निवडलेले निवडलेले काय करता?
निवडणं मला ठाऊक आहे.
मी काय एकेक दाणा उचलून ठेवते होय?
परात सगळी ठेवायचीच असते. खडा तेवढा काढायचा."
मामा हसला.
"तेच तर," बाबा म्हणाले, "खडा तो खडाच."
आणि बाहेर पायरीकडे
कुणीच बघितलं नाही.

पायरीवर बर्णबा, माझा धाकटा भाऊ.
दोन वर्षं प्रभुभोजनाला बसला नव्हता,
वाद मात्र चुकवायचा नाही.
त्या दिवशी दारातून डोकं घालून बोलला,
"मी नक्षीत नसेनच,
तर माझ्यासाठी गुडघे कशाला झिजवता?"
बाबांनी उत्तर दिलं नाही.
रात्री मात्र फरशीवर गुडघे टेकल्याचा आवाज
मी तीनदा ऐकला.

त्याच महिन्यात बाबांच्या हातून
एक भोक चुकीच्या घरात पडलं.
मोराचा डोळा मानेवर आला.
चाळीस चादरी विणून होईस्तोवर
कुणाच्या लक्षात आलं नाही.
येमूलशेठ आधी तेलुगूत ओरडले, मग मराठीत,
धोट्यावरच्या पोराला.
"त्याचा दोष नाही," बाबा म्हणाले,
"भोक मी पाडलं. पगारातून कापा."
पुढच्या मंगळवारी मामानं हा विषय काढला नाही.
काढता आला असता.
एवढं त्याच्या नावे मांडून ठेवते.

बर्णबाला नाशिकला काम लागलं.
स्टँडवर बाबांनी पिशवीतून चादर काढली,
तीच, मानेवर डोळा असलेली.
"घे. नाहीतर राहू दे.
तुझी इच्छा."
हे दोन शब्द त्यांच्या तोंडून
बत्तीस वर्षांत मी ऐकले नव्हते.
मामा खिशातल्या किल्ल्या उगाच चाचपू लागला.
बर्णबा काही न बोलता गाडीत चढला.
बाबा उभे, हातांवर घडी,
ताटकळलेले, एखाद्या थैलीत
अजून नाणं पडायचं असावं तसे.
घंटी दोनदा वाजली. गाडी हलली.
आणि खिडकीतून एक हात बाहेर आला.
काचांवर ऊन होतं, कुणाचा ते दिसलं नाही.
चादर गेली.

रिक्षात सात रस्त्यापर्यंत दोघे गप्प.
मग बाबा: "तो घेणारच होता."
"त्यानं घेतली, दाजी."
"घेणारच होता."
"घेतली."
रिक्षावाला आरशातून बघायला लागला.

घरी आईनं परात बाजूला सारली.
कोण जिंकलं ते विचारलं नाही.
"जाड होती ना?" म्हणाली,
"नाशकाला थंडी फार."