पाकळी

काजूच्या बीला पाय द्यावा लागतो मोजून.
पेडल जरा जास्त दाबलं की आतला गर दुभंगतो,
कमी दाबलं तर कवच पातीला धरून बसतं.
बावीस वर्षं हेच शिकवते आहे मी बायकांना
वेंगुर्ल्याच्या या पत्र्याच्या शेडमध्ये,
जिथं दुपारचा खारा वारासुद्धा
काजूतेलाचा वास घेऊनच आत येतो.

मंगळवारी हेमांगी केळुसकरच्या सुपात
निम्म्याहून जास्त पाकळी, बाकी तुकडा.
मी काट्यापासूनच ओरडले,
"हेमांगी, काजू फोडतंस काय खडी?"
चाळीस बायका हसल्या.
तिनं सूप पुढं सरकवलं, उजवा हात पदराला पुसला.
डावा पदरातच ठेवला.

ते मी पाहिलं.
पाहिलं, आणि वहीत लिहिलं:
पाकळी दोन किलो, तुकडा दीड.

जेवणाच्या सुट्टीत नळावर मी मलाच म्हणाले,
जीभ आहे की कोयता, अक्कल कधी येणार तुला.
आणि नळ बंद करता करता थांबले.
हा आवाज माझा नव्हता.
हा वामन मुकादमाचा,
जो वारला त्यालाही नऊ वर्षं झाली
आणि अजून माझ्या डोक्यात हजेरी घेतो.
म्हणजे मी माझ्यावरही असाच पाय देते,
सगळं वजन टाकून.

संध्याकाळी तिठ्यावर एसटीची वाट बघत आम्ही दोघी.
माझ्याकडे तीन सल्ले तयार होते:
हातमोजे, राख, खोबरेल.
तिन्ही गिळले.
"सकाळी मी बोललंय ता..." म्हटलं,
आणि पुढचं काही सापडेना.
ती समोर सुंगटांची टोपली उतरवणाऱ्या बाईकडे बघत राहिली.
मग तिनं फडकं सोडलं.
अंगठ्यापासून मनगटापर्यंत चीक उतलेला,
कातडी करपलेली.
"तीन दिस झाले. कोणाक सांगूक नाय.
तुम्ही खाडो लावशात म्हणान."
"खूप दुखता?"
"रात्री दुखता."
एवढंच. उभादांड्याची गाडी आली, ती चढली.
खिडकीतून तिनं बघितलं नाही.

घरी माझ्याच बोटांना खोबरेल चोळत बसले,
बावीस वर्षांची काळी नखं.
"दमलंस गो," म्हणून पाहिलं,
हळूच, कोणी ऐकत नाही ना बघून.
कसंनुसं वाटलं.
परत म्हटलं.

बुधवारी तिला निवडायच्या टेबलाशी बसवलं,
तिथं चीक नाही. मजुरी तीच.
आणि आदल्या दिवशी जितक्या मोठ्यानं ओरडले होते
तितक्याच मोठ्यानं सांगायला गेले,
"काल चूक माझी..."
आवाज मध्येच फाटला.
शेड गप्प. पेडलंही थांबली.
कोणी हसलं नाही.
नाही, एक जण हसली, हेमांगीच.
"बाय," म्हणाली,
"तुमच्या आवाजाची पाकळी झाली मा!"